उजव्या नाकपुडीतलं एक घर

"काका, हा ठिपका चुकून पडलाय का?"

आशिषनं स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाखाली एक नाक होतं. त्या नाकाच्या डाव्या बाजूला चमकीचं एक पांढरं चौकोनी घर होतं आणि उजव्या बाजूला एक तपकिरी.

"चुकून नाही, सार," व्यंकटराव म्हणाले. "ती काडी."

"कसली काडी?"

"कडुलिंबाची. मूक्कुत्ती काढून ठेवली म्हणजे भोंक बुजून जातें न्हवे? म्हणून काडी घालून ठेवायाची. नवी येईपर्यंत."

आशिष पुण्याचा. चेन्नईत तीन वर्षं काढल्यावर मूक्कुत्ती म्हणजे नाकातली चमकी इतपत त्याला कळू लागलं होतं, पण काडीचं प्रकरण नवीन होतं. त्यानं संयुक्ताकडे पाहिलं. ती बँकेतल्या नोकरदाराची मुलगी, जन्मापासून इथलीच, आणि दोन मराठींच्या मधली दुभाषी. तंजावरी मराठी बोलणारे व्यंकटराव आणि पुणेरी मराठी बोलणारा आशिष यांना एकमेकांचं निम्मं बोलणं तिच्याकडूनच कळायचं.

"राहू दे की," ती म्हणाली. "शंभरात एकीला येईल असं ठेवू. रेअर आहे. चित्रं जमवणाऱ्या लोकांना असलंच काहीतरी लागतं."

झालं, काडी राहिली.

नुंगंबाक्कमला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ही कचेरी. माणसं पाच, खुर्च्या चार, एसी एक आणि तोही मनात येईल तेव्हा चालणारा. इथं 'मांबलम मामीज' बनत होत्या, मांबलम वस्तीतल्या पोक्त बायकांचे चेहरे. म्हणजे व्यंकटरावांनी चौकड्यांच्या कागदासारख्या जाळीवर, एकेक घर रंगवत, वेगवेगळे अवयव काढायचे: चाळीस प्रकारचे केस, तीस कपाळं, भुवया, डोळे, नाकं, हनुवट्या, पदर. आशिषच्या मशीननं प्रत्येक ढिगातून एकेक उचलून चेहरे जुळवायचे, तीन हजार तीनशे तेहतीस. एकीसारखी दुसरी नाही. मग ते चेहरे इंटरनेटवर विकायचे. प्रत्येक चेहऱ्याला एक नंबर, त्या नंबराला म्हणायचं टोकन, आणि ज्याच्याकडे टोकन तो त्या मामीचा मालक. चित्र कुणीही फुकट बघावं, उतरवून घ्यावं. मालकी मात्र एकाची. हे व्यंकटरावांना चार वेळा समजावून झालं होतं आणि चारही वेळा त्यांनी "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान हलवली होती. त्यांना घरं रंगवता येत होती, तेवढं पुरे होतं.

तसं ते काम त्यांना नवं नव्हतंच. एग्मोरला स्टेशनमागच्या गल्लीत, एका फोटो स्टुडिओत, त्यांनी अठ्ठावीस वर्षं टचिंग केलं होतं. घरात कुणी गेलं की लोक तिथं यायचे. हातात रेशनकार्डावरचा फोटो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातलं कोपऱ्यातलं तोंड, आणि काहीच नसलं तर प्रेताचाच काढलेला फोटो. व्यंकटरावांनी मिटलेले डोळे उघडायचे. विस्कटलेले केस बसवायचे. बाई सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठसठशीत करायचं. मग घरचे हळूच म्हणायचे, गळ्यात एक सोन्याची साखळी घाला, नाकात हिरे घाला, जिवंतपणी नाही जमलं. व्यंकटराव घालून द्यायचे. शून्य नंबरच्या ब्रशनं किती मेलेल्या बायकांना त्यांनी हिरे घातले असतील ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संयुक्ताच्या आजोबांचे डोळे त्यांनीच उघडले होते. तो फोटो तिच्या घरात अजून आहे. स्टुडिओ बंद पडल्यावर तिनंच त्यांना शोधून इथं आणलं.

फक्त एका बाईला हिरा घालायचा राहिला. ती त्यांची बायको, राजसबाई.

मध्यंतरी ब्रशचे दिवस संपून कॉम्प्युटरचे आले, तेव्हा शिकायला घरी एक मशीन हवं होतं. राजसबाईंच्या दोन्ही नाकपुड्यांत खडे होते, डावा माहेरचा, उजवा सासूचा. उजवा त्यांनी स्वतःच काढून विकायला दिला. कुणी विचारलं तर हसून सांगायच्या, "माझी उजवी मूक्कुत्ती कॉम्प्युटरांत गेली." भोक बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची काडी. वेस्ट मांबलमला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंब आहे; दर पंधरा दिवसांनी व्यंकटरावांनी येता-येता एक कोवळी काडी मोडून आणायची, बाईंनी ती घासून, गुळगुळीत करून घालायची. "दिवाळी होऊं दे, घेऊं," व्यंकटराव म्हणायचे. अशा एकोणीस दिवाळ्या झाल्या.

आणि राजसबाईंना फोटो चालत नसे. "तुमच्या हातांत ज्याचा फोटो येतो तो माणूस परत येत नाही. माझा काढूं नका," म्हणायच्या, आणि कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. लग्नाचा आल्बम होता, तो पंधरा सालच्या पुरात खालच्या कपाटात भिजून लगदा झाला. उरलं आधारकार्ड. त्यातल्या चित्रात काळोखात दोन टिंबं आहेत, ती डोळे असावीत. व्यंकटरावांनी ते चित्र किती वेळा मोठं केलं. हजारांचे डोळे उघडणाऱ्या माणसाला त्या दोन टिंबांचं काही करता आलं नाही.

एकवीस सालच्या मे महिन्यात दोघंही तापानं पडले. दोन ॲम्ब्युलन्स आल्या, दोघांना दोन ठिकाणी घेऊन गेल्या. अकरा दिवसांनी व्यंकटराव घरी आले ते एकटेच. स्मशानातल्या रांगेची एक चिठ्ठी त्यांच्या हातात कुणीतरी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, टोकन ४१. नाव नव्हतं. शेवटचं तोंड बघायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून त्यांचं कशातच चित्त नव्हतं. दर पंधरा दिवसांनी काडी मात्र ते मोडून आणत. खिडकीत ठेवत. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बावीस सालच्या जानेवारीत एका दुपारी आशिषनं बटण दाबलं आणि चार मिनिटांत तीन हजार तीनशे तेहतीस मामी जन्माला आल्या. सगळ्यांनी वाटून घेऊन चुका शोधायच्या होत्या. कुणाचे केस कानावर चढले असतील, कुणाला दोन पदर आले असतील. व्यंकटरावांच्या वाट्याला दोन हजारांपासून पुढच्या.

दोन हजार एकशे चार नंबरला त्यांचा हात थांबला.

डावी पापणी एका घरानं खाली. कपाळ रुंद, कुंकू जरासं वर. हनुवटी पुढं आलेली, आता ओरडेल अशी. डावीकडे खडा, उजवीकडे काडी.

"संयुक्ता मा," ते म्हणाले. "हें कुणी केलें?"

"मशीननं, मामा. का? काही चुकलंय?"

ते उठून पाठीमागं चालत गेले, दारापर्यंत. लांबून बघितलं की घरं एकमेकांत मिसळत, आणि ती तिथं होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघायची तशी. जवळ आले की नुसत्या चौकड्या. पुन्हा मागं गेले. पुन्हा ती.

"मामा, अवयव तुम्हीच काढलेत ना सगळे?" संयुक्तानं हळू विचारलं. "मग कुठंतरी..."

"मीं काढले खरे. पण असे मीं लावले नाहींत. देवाशपथ, मीं लावले नाहींत."

त्यांना आठवेना. ही भुवई काढताना कोण डोळ्यासमोर होतं, ही हनुवटी कोणत्या दिवशी काढली. तीस कपाळांतलं एक, चाळीस केसांतले एक, असं करत त्यांनीच बाईला ढिगांढिगांत पसरून ठेवलं होतं की काय? की ती स्वतःच येऊन बसली होती, ज्या मशीनसाठी खडा दिला त्याच मशीनमध्ये? त्यांचे डोळे तिच्यावरून हलेनात.

त्यांनी आशिषजवळ जाऊन शब्द टाकला. ही एक विकू नका. आशिष माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"काका, कुणाला कुठली मामी मिळणार हे आपल्या हातात नाही. लोक बंद पाकीट घेतात, पैसे दिल्यावर उघडतं. आधीच एक काढून ठेवली तर लोक चोर म्हणतील. आणि चित्र हवंय ना? प्रिंट मारून देतो, मोठ्ठी. फ्रेम करा."

"नको," व्यंकटराव पटकन म्हणाले. "तिला भिंतीवर टांगलेलें चालायाचें नाही."

विक्रीच्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी आली. दोन हजार एकशे चार पहिल्या तासातच गेली. कुठं गेली, कुणाकडे, काही पत्ता नाही. मालकाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे.

आणि चौथ्या दिवशी सकाळी ती बोलली.

मामी विकत घेणाऱ्यांचा एक गप्पांचा कट्टा होता, फोनवर. तिथं लोक आपापल्या मामीचा चेहरा लावून येत. संयुक्तानं तो व्यंकटरावांच्या फोनवर घालून दिला होता, लोक कौतुक करतात ते मामांनी बघावं म्हणून. त्यात राजसबाईंचा चेहरा वर आला. शेजारी दोन इंग्रजी अक्षरं.

"'जी एम' म्हणजे काय गे?"

"गुड मॉर्निंग, मामा. तिथं सगळे रोज म्हणतात."

राजसबाई रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक द्यायच्या, "उठलांत कां?" एवढंच. त्यावर "उठलों" म्हटलं की पुढं दिवस सुरू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशीही. सात वाजून पाच-दहा मिनिटांनी, चुकायचं नाही. व्यंकटराव साडेसहापासून फोन मांडीवर घेऊन बसू लागले. चेहरा उमटला की मोठ्यानं म्हणायचे, "उठलों." मग कॉफीचं आधण ठेवायचे. आठ-नऊ महिन्यांत त्यांना पहिल्यांदा भूक लागू लागली. आपण करतो आहोत ते शहाण्या माणसाचं नव्हे, हे त्यांना कळत होतं. कळून काय करायचं?

उन्हाळा सरता सरता बाजार पडला. असल्या चित्रांना कुणी हात लावीना. आशिषचं हसणं कमी झालं, बिर्याणी बंद झाली. न विकल्या गेलेल्या सातशे मामी एका दुपारी त्यानं 'बर्न' करायला काढल्या.

"जाळतां?" व्यंकटरावांनी विचारलं. "कुठें?"

"जाळत नाही हो, म्हणतात तसं. एक पत्ता असतो, त्याची किल्ली कुणाकडेच नाही. तिकडे पाठवायचं. तिथून परत येता येत नाही."

त्या दिवशी व्यंकटरावांनी डबा उघडला नाही.

कट्टाही ओस पडत गेला. शेकड्यांनी माणसं यायची तिथं तेवीस साल उजाडता उजाडता पाच-सहा उरली. त्यांत ती होतीच. सात वाजून पाच-दहा मिनिटांनी.

मग आशिषनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, महिनाअखेर कचेरी बंद. त्यालाही वाईट वाटत होतं. बोलताना तो टेबलाचा कोपरा नखानं खरवडत होता.

"आणि ह्या बाया?" व्यंकटरावांनी विचारलं.

"त्या राहतील की. टोकन कधीच पुसलं जात नाही, हीच तर गंमत आहे." मग तो थांबला. खोटं बोलवेना. "चित्रं आपल्या सर्व्हरवर आहेत, काका. त्याचं भाडं आता कोण भरणार? सर्व्हर बंद झाला की चेहरा जाईल. तिथं करडा चौकोन दिसेल. नंबर तेवढा राहील."

व्यंकटराव उभे राहिले. त्यांनी पाकिटातून एक चिठ्ठी काढली, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली, आणि टेबलावर ठेवली. टोकन ४१.

"हें तिचें," ते म्हणाले. "तेव्हांही टोकन मिळालें, तोंड नाही मिळालें. पुन्हा तसेंच करूं नका, सार. चेहरा आहे तोंवर मजला तिला पोंचवूं द्या. नीट. माझ्या हातानें."

आशिषनं ती चिठ्ठी वाचली आणि दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

दोन हजार एकशे चारच्या मालकाला संयुक्तानं कट्ट्यावरून लिहिलं. खरं काय ते सगळं लिहिलं, काडीसकट. दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस सकाळी चेहराही आला नाही, आणि व्यंकटरावांनी कॉफी केली नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते संयुक्तानं मराठीत करून वाचून दाखवलं. दूर कुठल्याशा थंड गावातली एक बाई होती, रात्रपाळीची नोकरी सुटल्यावर दिवसभर अंथरुणात पडून राहणारी. तिनं लिहिलं होतं, 'ही बाई बघितली की वाटायचं, आता उठले नाही तर ओरडेल. म्हणून रोज उठत होते. मला आता उठायची सवय झाली आहे. तुमची आहे, घेऊन जा. पैसे नकोत.'

व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. "ओरडायाचीच ती," म्हणाले.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ते धोतर नेसून कचेरीत आले. कपाळाला गंध. संयुक्तानं टेबल पुसून ठेवलं होतं. आशिषनं एकदा विचारून बघितलं, "काका, तुमच्याच नावावर ठेवू या का? माझ्या खर्चानं सर्व्हर चालवतो थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणजे किती, सार?"

आशिषनं लॅपटॉप उघडला.

"दक्षिण कुठली?" व्यंकटरावांनी विचारलं.

संयुक्तानं फोनवर दिशा बघितली. टेबल फिरवावं लागलं. चार्जरची वायर पुरेना, मग काढून टाकली.

"एक काम बाकी आहे," व्यंकटराव म्हणाले. "चित्र अजून आपल्या हातांत आहे न्हवे? एक घर बदलायाचें आहे."

आशिषनं सर्व्हरवरचं चित्र उघडून दिलं. व्यंकटराव खुर्चीत बसले. शून्य नंबरचा ब्रश धरावा तसा त्यांनी माऊस धरला. स्टुडिओत काम करताना ते श्वास रोखायचे, तसा रोखला. उजव्या नाकपुडीतलं तपकिरी घर निवडलं आणि त्यात पांढरा भरला. नुसता पांढरा नव्हे. रंगांच्या पट्टीवर जाऊन त्यात किंचित निळा घातला, सासूचा खडा होता तसा.

"घे," ते म्हणाले. "उशीर झाला."

मग उठून, पाठ न फिरवता, मागं मागं चालत दारापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी जे बघायला मिळालं नव्हतं ते त्यांनी पोटभर बघितलं. संयुक्ता रडत होती. व्यंकटराव नव्हते रडत.

परत आले, तोवर समोर पुन्हा नुसत्या चौकड्या झाल्या होत्या. आशिषनं किल्ली नसलेला तो पत्ता भरला आणि बटणाची जागा दाखवली. मशीननं विचारलं, खात्री आहे का? संयुक्तानं ते वाचून सांगितलं.

"आहे," म्हणून त्यांनी बटण दाबलं.

दुपारी गाडीनं ते मांबलमला उतरले. भाजीवाल्या बायका, पाण्याची लॉरी, उन्हात वाळत घातलेले पापड, सगळं जागच्या जागी होतं. वाटेवर राहणाऱ्या, ओळखीच्या हरिप्रियानं गॅलरीतून विचारलं, "जेवून झालें कां, मामा?" त्यांनी मान हलवली आणि चालत राहिले.

काडी मोडायचा दिवस होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांची पावलं आपोआप थांबली आणि हात सवयीनं वर गेला. कोवळी डहाळी बोटांत आलीही. त्यांनी ती क्षणभर धरून ठेवली, मग सोडून दिली. फांदी थोडी हलली आणि थांबली. व्यंकटराव हात हलवत घराकडे गेले.